सायवोर, संख्या एक

कुणीतरी त्या पोरीला तिथे नेऊन ठेवलं. चुकून नाही, घाईत नाही. ठेवणाऱ्याला वाट माहीत होती, वारा कुठून येतो ते माहीत होतं, भरती किती वाजता कुठल्या दगडापर्यंत चढते तेही माहीत होतं. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, काल्डेरीत तेव्हा अकरा घरं होती. त्या अकरांतल्या एका घरात त्या संध्याकाळी कुणीतरी हात धुतले, सुक्या माशाला लोणी लावून खाल्लं, आणि लोकरीच्या पांघरुणात शिरून डोळे मिटले. त्या माणसाचं नाव गावानं कधी घेतलं नाही. ज्यानं केलं त्याला विसरायचं आणि जिच्यावर केलं तिला भूत म्हणून लक्षात ठेवायचं, ही रीत कुठून आली कोण जाणे!

गावात सांगतात ती गोष्ट वेगळी आहे. तीत वादळात बुडालेली एक बाई आहे, ती होड्यांना खडकांपासून राखते म्हणे. ड्रीफालाही तीच गोष्ट माहीत होती, त्या जानेवारीपर्यंत.

अगदी उत्तरेकडच्या या काल्डेरीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि मधे समुद्राची चिंचोळी जीभ. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेच्या डोंगरामागे जातो तो बावीस जानेवारीला पुन्हा दिसतो, तोही ढग नसले तर, अकरा मिनिटं. त्या दिवशी घराघरांत धिरडी होतात, साखर पेरून गुंडाळलेली, आणि कॉफी. मधले दोन महिने भरदुपारीही उजेड असा, की सगळा गाव कुणीतरी निळीच्या पाण्यात बुचकळून काढलाय. माणसं त्या उजेडात हळू बोलतात. दुपारी कितीदा तरी कळत नाही, आपण जागे आहोत की नुसते डोळे उघडे आहेत.

ड्रीफा तिथे शाळेत शिकवायला आली आणि ओर्वारशी लग्न करून राहिली. ओर्वार मासेमारीच्या मोठ्या बोटीवर. पोर झाली तेव्हा तो आला होता, पंधरा दिवस राहून परत समुद्रावर गेला. पोर पाच आठवड्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. त्यात नवल काही नाही, तिकडे नामकरणापर्यंत पोराला नाव नसतंच. दवाखान्याच्या कागदावर ‘मुलगी’, घरात ‘छकुली’. पण एकदा का नाव मिळालं की मग तेच खरं. तिथे कुणी कुणाला काकू म्हणत नाही, मावशी म्हणत नाही, साहेब-बाई तर नाहीच. शाळेतलं शेंबडं पोरसुद्धा पाद्रीला नावानंच हाक मारतं. माणसाला हाक मारायची दुसरी सोयच नाही.

एका दुपारी तीनच्या सुमारास पोरीला पाजता पाजता ड्रीफाचा डोळा लागला. पलंगाच्या पायथ्याशी एक मुलगी उभी होती. सहा-सात वर्षांची. केस ओले, गालांना चिकटलेले. शेवाळाचा वास, आणि त्याखाली थंड लोखंडासारखा आणखी एक वास. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेवाही नव्हता. दुकानात आपली पाळी येईल म्हणून फार वेळ थांबलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

“तुझ्याकडे एक नाव आहे ना?” ती म्हणाली. “मला दे.”

“कुठलं?” ड्रीफानं स्वप्नातच विचारलं.

मुलीला तो प्रश्न कळलाच नाही.

ड्रीफा जागी झाली. चादर कोरडी होती, फरशी कोरडी होती. फक्त मांडीवरची पोर टक्क जागी होती. ती पायथ्याकडे बघत होती, आणि मग तिची मान हळूहळू खिडकीकडे वळली. कुणीतरी चालत गेलं आणि तिनं त्याला नजरेनं पोचवलं, अशी.

सासू खालच्या मजल्यावर बटाटे सोलत होती. हेर्दिस तिचं नाव. साठी उलटलेली, तोंडानं फटकळ. ड्रीफानं तिला स्वप्न सांगितलं.

“किती वर्षांची?” तिनं विचारलं.

“सहा… सात असेल.”

“केस ओले?”

“ओले.”

हेर्दिसनं सुरी खाली ठेवली. “आली म्हणायची एकदाची. मला वाटलं, तू शहरातली, तुझ्याकडे यायला लाजते की काय.”

गेलेली माणसं बाळंतिणीच्या स्वप्नात येऊन नाव मागतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कुणाची आजी येते, कुणाचा बुडालेला भाऊ. मागितलं की द्यायचं, बाळाला तेच नाव ठेवायचं. नाकारलं तर ते नाव पोराच्या पायात अडकतं, पोर कधी धड उभं राहत नाही, असं म्हणतात.

“पण तिनं नाव सांगितलंच नाही, हेर्दिस.”

“सांगायचं काय त्यात? आपल्या घरात एकच नाव मागितलं जातं. सायवोर. माझ्या आत्याचं नाव. बुडालेल्या बाईचं नाव.”

“बाई नव्हती ती. लहान पोर होती.”

“स्वप्नात माणसं आकसतात,” हेर्दिस म्हणाली आणि पुन्हा बटाटा उचलला. “बावीस तारखेला नामकरण. सूर्याच्याच दिवशी. आणि आत्याही सुटेल बिचारी. अठ्ठ्याण्णव वर्षांची झाली, सहा वर्षं अंथरुणात आहे. दर हिवाळ्यात डॉक्टर म्हणतात, हा शेवटचा. ती थांबलीय कुणासाठी, सांग बघू?”

ओर्वारला बोटीवर फोन लावला तर मागे यंत्रांचा खडखडाट. “छान आहे की नाव!” तो ओरडला. “मी तर म्हणणार होतो, माझ्या बोटीचं ठेवू.”

“तुझ्या बोटीला हेरिंग माशाचा वास येतो.”

“पोरीलाही येईल, काल्डेरीची आहे!”

ड्रीफा हसली, पण फोन ठेवल्यावर तिनं संगणक उघडला. सरकारी नोंदवहीत नावापुढे तीन ओळी होत्या. अर्थ: ‘साय’ म्हणजे समुद्र, ‘वोर’ म्हणजे राखणारी, जपणारी. मूळ: जुनी नॉर्स भाषा. सध्या हे नाव असलेल्या व्यक्ती: एक.

एक. दुर्मीळ नाव असणं काही वाईट नाही. तरी त्या आकड्याकडे बघताना तिला पायाच्या अंगठ्यापासून गार वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं राजधानीत नावांच्या कार्यालयाला फोन केला. पलीकडे एक आनंदी बाई होती, काहीतरी खात असावी.

“सायवोर ना? आत्ता एक, बरोबर. थांब हं, मागचं बघते… अगंबाई, हे गमतीचं आहे. शंभर वर्षांपूर्वी एक. त्याआधी एक. सगळ्यात जुन्या शिरगणतीत एक. नावांचं कसं असतं, एखादं गाजलं की दहा वर्षांत चारशे पोरी होतात, मग तीस वर्षं कुणी ढुंकून बघत नाही. हे नाव कधी वाढलंच नाही. संपलंही नाही.”

“दोघी कधीच नव्हत्या?”

बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज.

“होत्या,” बाई म्हणाली. आता ती खात नव्हती. “पाच वेळा. दर वेळी एका दिवसापुरत्या. दुपारी एकीला नाव दिलं, संध्याकाळी आधीची गेली… मी तुझ्या जागी असते ना, तर दुसरं काहीतरी ठेवलं असतं. अर्थात हे कार्यालयाचं मत नाही.”

त्या संध्याकाळी सासू-सुनेचं भांडण झालं. भांडण कसलं, ड्रीफाच बोलत होती. एक म्हातारी उठणार म्हणून रिकाम्या होणाऱ्या खुर्चीत माझी पोर बसवायची? ती कोण, तिला काय हवं, हे तीनशे वर्षांत कुणी विचारलं तरी का? हेर्दिस विणत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “विचारायचंय तर आत्यालाच विचार. नाहीतरी तिचे मोजे तयार झालेत, नेऊन दे.”

म्हाताऱ्यांचं घर खाडीच्या टोकाला आहे. ड्रीफा सकाळी अकराला पोचली, पोरीला लोकरीत गुंडाळून. एक तरुण परिचारिका तिला खोलीपर्यंत घेऊन गेली. “त्या वेताच्या खुर्चीवर बसू नकोस हं,” ती कुजबुजली. “ओली असते. वरून कुठून गळतं ते अजून सापडलं नाही.”

छत कोरडं होतं. खिडकीत तोच निळा उजेड. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशीवर कापसासारखे केस.

“सायवोर,” ड्रीफानं हलकेच हाक मारली.

आधी खुर्चीची वेतं कुरकुरली. कुशीतल्या पोरीनं मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. आणि मग, सावकाश, म्हातारी वळली.

“पाहिलंस?” ती म्हणाली. “नेहमी ती आधी.”

ड्रीफानं पोरीला आणखी जवळ घेतलं.

“बस. पलंगावर बस, इथे… अठ्ठ्याण्णव वर्षं, पोरी. मला हाक मारली की आम्ही दोघी वळतो. आई जेवायला बोलवायची, दोघी निघायचो. लग्नात पाद्रीनं विचारलं तेव्हा ‘हो’ आधी तिनं म्हटलं. नवरा दोन वर्षांत घर सोडून गेला. म्हणायचा, तुला हाक मारली की माझ्या पाठीमागून कुणीतरी ओ देतं.”

“त्रास देते ती?”

“त्रास दिला असता तर बरं झालं असतं. चिडता आलं असतं. तिला वाटतं, हाक तिलाच आहे. तिच्याकडे दुसरं काही नाहीच.”

“पण ती बुडालेली बाई—”

“बाई!” म्हातारी हसली, त्या हसण्यात खोकला मिसळला. “बाई गावानं रचली. बाळ होतं ते, पाच दिवसांचं. काळ्या दगडांपाशी ठेवलं, ओहोटी होती तेव्हा. नाव दिलं असतं तर टाकता आलं नसतं, म्हणून दिलंच नाही. एका सायवोरमागे एक वर्ष, अशी वाढलीय ती. मी लहान होते तेव्हा ती पाचेक वर्षांची होती. आम्ही पाठशिवणी खेळायचो. राज्य नेहमी माझ्यावर.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तिनंच. तीनशे वर्षं गप्प कोण बसेल?” म्हातारीनं हात पुढे केला आणि पोरीच्या मोज्यातल्या पावलाला बोट लावलं. “तुझ्या स्वप्नात काय म्हणाली ते सांग. जसंच्या तसं.”

“तुझ्याकडे एक नाव आहे ना, मला दे.”

“कुणाला दे?”

“…मला.”

म्हातारीनं डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. “सहा आया झाल्या तुझ्या आधी. सहाजणींना ती हेच म्हणाली. आणि सहाजणींनी काय केलं? नाव आपापल्या पोरीच्या डोक्यावर ओतलं. गेलेलं माणूस नाव मागतं ते बाळासाठीच, हे सगळ्यांना पाठ ना! कुणी स्वतःसाठीही मागत असेल, हे एकीच्याही मनात आलं नाही.”

खुर्चीतून एक थेंब फरशीवर पडला. टप्. मग दुसरा.

ड्रीफा उठून उभी राहिली. तिच्या अंगात रागानं ऊब आली होती, किती दिवसांनी! एवढं सोपं? एवढं सोपं आणि तीनशे वर्षं? “मग मीच देते,” ती म्हणाली. “तिचं तिला.”

“पाद्री देणार नाही.”

“पाद्रीला विचारतंय कोण?”

“ड्रीफा, ऐक. घाई करू नकोस. नाव देणं म्हणजे काय ते आधी—”

पण तेवढ्यात परिचारिका सूप घेऊन आली, पोर रडू लागली, आणि ड्रीफाला एकदा गोष्ट पटली की पुढचं ऐकायला धीर नसे. तिनं म्हातारीच्या कपाळाचा मुका घेतला आणि निघाली.

बावीस तारखेला आकाश निरभ्र होतं. डोंगराच्या कडेला पिवळसर रेघ उमटली होती, गाव अजून निळ्यातच. हेर्दिस देवळात मेणबत्त्या लावत होती. ड्रीफा पोरीला घेऊन मागच्या वाटेनं काळ्या दगडांपाशी उतरली. ओहोटी होती. ओल्या दगडांवर शेवाळाचे केस पसरले होते, पायाखाली शिंपल्यांचा चुरा वाजत होता. तो आवाजही कुठून दुरून आल्यासारखा. मला हे सगळं कुणीतरी सांगतंय आणि मी ऐकतेय, असं तिला वाटलं.

ती वाकली. ओंजळ कसली, एकच हात मोकळा होता. त्या हाताच्या तळव्यात तिनं पाणी घेतलं आणि सगळ्यात खालच्या दगडावर ओतलं.

“सायवोर,” ती म्हणाली. “हे तुझं. एकटीचं. आता कुणामागे लपायला नको.”

पक्षी ओरडायचे थांबले. लाट दगडापर्यंत आली आणि परत न जाता तशीच उभी राहिल्यासारखी वाटली. समुद्र ऐकत होता की काय… आणि मग मागून, अगदी कोटाच्या काठापाशी, एक बारीक आवाज आला.

“ओ.”

ड्रीफानं वळून पाहिलं नाही. धाडस नव्हतं म्हणा, की पाहायची गरज वाटली नाही म्हणा. कुशीतली पोर तिच्या खांद्यावरून मागे बघत होती आणि हसत होती. जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

देवळात सगळा गाव जमला होता. सिंद्री नावाचा तरुण पाद्री, झग्याखाली रबरी बूट. पोरीच्या डोक्यामागे हात धरून त्यानं विचारलं, “बाळाचं नाव काय?”

“सुन्नेवा,” ड्रीफा म्हणाली.

पहिल्या बाकावरून भजनाचं पुस्तक खाली पडलं. सिंद्रीनं क्षणभर हेर्दिसकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पाणी घातलं. तीनदा. पोर रडली नाही. तिच्या पायांनी ड्रीफाच्या पोटावर दणकून लाथा मारल्या. कुठलंच नाव त्या पायांत अडकलं नव्हतं.

“काय केलंस हे?” बाहेर येता येता हेर्दिस तिच्या कानाशी म्हणाली. “मागितलेलं नाव नाकारलंस?”

“नाकारलं नाही, हेर्दिस. दिलं. जिनं मागितलं तिला दिलं.”

हेर्दिसनं तिचा दंड धरला. काहीतरी बोलणार तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “आला! आला!” आणि डोंगराच्या खाचेतून सूर्य आला. माणसं टाळ्या वाजवू लागली, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सगळ्यांच्या सावल्या बर्फावर एकदम उमटल्या, दोन महिन्यांनी. ड्रीफानं पोरीचं तोंड उजेडाकडे केलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, बघा, इतकंच तर होतं! एका पोरीला एक नाव! तेवढ्यासाठी तुम्ही सहा बायकांचं अख्खं आयुष्य अर्धं करून टाकलंत!

देवळाशेजारच्या सभागृहात कॉफी होती. ती कोट काढत असताना फोन वाजला. म्हाताऱ्यांच्या घरातून. परिचारिकेनं फोन म्हातारीच्या कानाला लावला असावा, आधी नुसता श्वास ऐकू आला.

“ड्रीफा…” म्हातारी रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. “आत्ता ह्या सूपवाल्या पोरीनं मला हाक मारली. मी वळले. एकटीच वळले गं. खुर्ची वाळलीय.”

“सुटली ती,” ड्रीफा म्हणाली. “आणि तूही.”

“मी सुटले. तिचं मला माहीत नाही.” ती खोकली. “त्या दिवशी तू ऐकूनच घेतलं नाहीस. तुझ्या कुशीतल्या पोरीला नाव कुणी दिलं?”

“मी.”

“का? तू तिची कोण?”

ड्रीफानं पोरीकडे पाहिलं. फोनमध्ये म्हातारीचा श्वास हळूहळू शांत झाला, झोप लागलेल्या माणसाचा होतो तसा, आणि मग परिचारिकेनं फोन ठेवला. बाहेरचा उजेड पुन्हा निळा होत होता. अकरा मिनिटं संपली होती.

सभागृहात गलबला होता. तव्यावर लोणी करपल्याचा वास येत होता. स्वयंपाकघरातून बोझेना आली, पोलंडहून हेमंतात मासळीच्या कारखान्यात कामाला आलेली. गावात कुणाला किती मुलं हे तिला अजून ठाऊक नव्हतं. तिचे हात पिठानं भरले होते. तिनं कोपरानं ड्रीफाला ढोसलं.

“अगं, तुझी मोठी बाहेर पायरीवर उभी आहे, पायात बूटसुद्धा नाहीत! मी म्हटलं, ये बाई आत, गरम गरम खा. तर म्हणते, आईनं नावानं हाक मारली तरच येईन.”